स्पेसर टाकल्यावर गाडी थरथरते, बोल्ट सैल होतात: आधी काय बघायचं, मग काय

"भाऊ, बॅलन्सिंग दोनदा झालं, अलाइनमेंट झालं, तरी स्टीअरिंग थरथरतेच." स्पेसर म्हणजे चाक बाहेर काढायला हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि चाक ह्यांच्यामध्ये टाकायची धातूची चकती. तो टाकलेल्या गाड्या नागपुरात आमच्याकडे येतात त्या बहुधा ह्याच तक्रारीने. तिच्या जोडीला दुसरी: "बोल्ट आवळला की चार दिवस बरं वाटते, मग पुन्हा जैसे थे." गाडीवाला आवळत राहतो, पंक्चरवाला आवळून देतो, बॅलन्सिंगवाला पैसे घेतो. बोल्ट सैल का होतोय, हे कोणी बघत नाही. सैल झालेला बोल्ट पुन्हा आवळणं म्हणजे इलाज नव्हे, एवढं धरून पुढचं वाचा.

चाक बोल्टच्या दांडीवर टांगलेलं नसतं. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो, त्या ताणाने चाक हबवर दाबून बसतं, आणि दाबलेल्या दोन चेहऱ्यांमधलं, म्हणजे सपाट बाजूंमधलं, घर्षण ब्रेकचा आणि वळणाचा जोर पेलतं. पुढच्या चाकात हब, डिस्क आणि चाक असे दोन सांधे आधीच असतात. स्पेसर टाकला की तिसरा येतो. ह्यातला एक जरी सांधा सपाट बसला नाही, तरी तुम्ही कितीही आवळा, दाब टिकत नाही.

लक्षणं

ऐंशी ते शंभरच्या वेगात स्टीअरिंग थरथरतं, साठच्या खाली गप्प होतं. शहरात कळतसुद्धा नाही; शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढून एकसारखा वेग धरला की कळतं. बॅलन्सिंगने फरक पडला नाही, तर चाक केंद्रात बसलेलं नाही किंवा तिरकं बसलंय असं समजा.

हळू वळताना किंवा रिव्हर्समधून पुढे घेताना एकदाच "टक्" होतं. हा चाक हबवर सरकल्याचा आवाज असू शकतो. सस्पेन्शनचाही असा आवाज येतो, पण स्पेसर टाकल्यानंतरच सुरू झाला असेल तर संशय चाकावरच घ्या.

चाक हाताने फिरवलं की दर फेरीला धातू घासल्यासारखा आवाज येतो. बोल्ट लांब झालाय आणि मागे कशाला तरी लागतोय. हे लक्षण दिसलं की गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडतं. डिस्क खराब झाली म्हणून लोक बदलून टाकतात. कधी कधी डिस्क बरी असते, ती फक्त वाकडी दाबली गेलेली असते.

वेगासोबत वाढणारा आणि वळणावर बदलणारा "हूं" असा आवाज बेअरिंगचा. तो शेवटी येतो, म्हणून त्याची गोष्टही शेवटी.

काहीही करण्याआधी

चाक डगमगताना जाणवत असेल, एखादा बोल्ट तुटलेला किंवा गायब असेल, किंवा हाताने फिरेल इतका सैल असेल, तर गाडी आहे तिथेच थांबवा आणि टो करून न्या. "हळूहळू मानेवाड्यापर्यंत नेतो" हा हिशोब चुकतो, कारण एक बोल्ट गेला की बाकीच्यांवरचा भार वाढतो आणि पुढचा बोल्ट पहिल्यापेक्षा लवकर जातो.

फुकटची तपासणी: नुसते डोळे

सकाळी, गाडी थंड असताना, चारही चाकांसमोर बसा. बोल्टच्या डोक्याभोवती लालसर गंजाचे ओघळ किंवा काळी पूड दिसतेय का? धातूवर धातू घासला की ही पूड पडते. ती एकाच बोल्टभोवती असेल तर तो बोल्ट सैल. सगळ्यांभोवती असेल तर चाकच सरकतंय. अलॉय चाकाचं एखादं भोक अंडाकृती झालेलं दिसलं तर पुढचं काही तपासू नका. ते चाक बाद. वेल्डिंग करून भोक भरून देणारे भेटतात; त्यांच्याकडे नेऊ नका.

ह्याच वेळी लॉक बोल्ट (चोरी होऊ नये म्हणून वेगळ्या चावीने उघडणारे) बघा. सोळा लांब बोल्ट आणले, पण चार चाकांवरचे चार लॉक बोल्ट मूळचे आखूडच राहिले, असं फार वेळा सापडतं. पाच बोल्टांच्या चाकात चार बरोबर आणि एक जेमतेम दोन आट्यांवर धरलेला. तो आवळलेला वाटतो, धरत मात्र काही नाही.

टॉर्क पाना लावा

साधा, ठरवलेल्या जोराला क्लिक होणारा टॉर्क पाना दोन-तीन हजारांत बऱ्यापैकी मिळतो आणि ज्याने स्पेसरवर पैसे घातलेत त्याने तो घ्यायलाच हवा. किती टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं, ते गाडीच्या पुस्तकात असतं. पोलो, व्हेंटो, रॅपिड ह्यांच्या एम १४×१.५ (१४ मिमी जाड, आट्यांत १.५ मिमी अंतर) बोल्टला १२० न्यूटन मीटर. जुन्या बीएमडब्ल्यूच्या एम १२×१.५ ला १२०, नंतरच्या एम १४×१.२५ ला १४०.

टॉमीवर (पान्याच्या दांड्यावर) उभं राहून आवळायची आपल्याकडे पद्धत आहे. हिशोब करा: सत्तर किलोचा माणूस, तीस सेंटिमीटरची टॉमी. दोनशे न्यूटन मीटरच्या वर जातं. बोल्ट ताणला जाऊन परत मूळ लांबीवर येत नाही आणि असा लांबलेला बोल्ट नंतर दाब धरत नाही. एअर गनचं तेच. गनने हलकेच चढवून घ्या, शेवटचा जोर पान्यानेच. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. ओल्या आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

पाना लावल्यावर सगळे बोल्ट हलतच नाहीत आणि क्लिक होते, तर सैलपणा हा तुमचा रोग नाही, पुढे जा. हलले, तर टॉर्कवर आणा आणि साठेक किलोमीटर चालवा. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या, एवढं पुरे. गाडी पूर्ण थंड झाली की पुन्हा पाना लावा. नव्याने बसवल्यावर पहिल्यांदा थोडं हलणं साहजिक आहे: रंगाचा थर, बारीक खरखर दाबली जाते. दुसऱ्यांदाही हलले, तर आता बोल्ट काढावेच लागतील.

थंड गाडीवरच का, तेही सांगतो. स्पेसर ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, त्यात ब्रेकची उष्णता. त्या वेळी सांधा उलट जास्तच घट्ट झालेला असतो. गरम गाडीवर पाना "सगळं ठीक" म्हणतो आणि रात्री थंड झाल्यावर खरी स्थिती उघडी पडते.

बोल्टची सीट

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोष हाच, आणि दुकानदारांनाही तो माहीत नसतो. बोल्टचं डोकं अलॉयच्या भोकात जिथे टेकतं, ती जागा दोन प्रकारची. एक गोल, वाटीसारखी. दुसरी सरळ उताराची, ६० अंशांच्या शंकूची. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीचे मूळ बोल्ट गोल सीटचे, १३ मिमी त्रिज्येचे. मर्सिडीजचेही गोल, पण त्रिज्या वेगळी. बीएमडब्ल्यूचे शंकूचे. नटवाल्या गाड्यांत होंडाचे मूळ नट गोल, आणि बाजारातले बहुतेक नट शंकूचे.

बाजारातल्या अलॉयची भोकं बहुधा शंकूची असतात. म्हणजे कंपनीचे अलॉय ठेवून स्पेसर टाकला तर लांब बोल्ट गोल सीटचे हवेत. अलॉय बाहेरचे असतील तर बहुतेक शंकूचे. दुकानातून "पोलोचे लांब बोल्ट" म्हणून जे मिळतं, ते दोन्हीपैकी काहीही असू शकतं. गोल बोल्ट शंकूत टाकला की एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना घट्ट लागतो, चालवताना ती रेषा दाबून चपटी होते, आणि दोनशे किलोमीटरमध्ये बोल्ट सैल.

तपासायला काही खर्च नाही. बोल्टच्या सीटवर मार्करने काळं करा, टॉर्कवर आवळा, सोडा, बघा. रंग रुंद पट्ट्यात पुसला असेल तर सीट जुळते. दोऱ्याएवढी रेष पुसली असेल तर जुळत नाही. असे बोल्ट परत करा, वायसर घालून जुळवू नका.

अलॉय नुकतेच पावडर कोटिंग करून आणले असतील तर सीटच्या वाटीतही रंगाचा जाड थर असतो. तो दाबाखाली पिसतो आणि दाब सोडतो. वाटी आणि चाकाचा मागचा चेहरा, दोन्ही कोटिंगच्या वेळी झाकायला सांगा. झालं असेल तर ती जागा मोकळी करून घ्या, पण ग्राइंडर लावू नका.

लांबी मोजा

नियम सोपा: मूळ बोल्टची लांबी अधिक स्पेसरची जाडी. मूळ २७ मिमी आणि स्पेसर १५, तर ४२. लांबी सीटच्या खालून टोकापर्यंत मोजतात, डोक्यासकट नाही. अलॉयही बदलले असतील तर हे गणित चुकू शकतं, कारण सीटखालची जाडी प्रत्येक अलॉयची वेगळी. म्हणून गणितावर न थांबता फेऱ्या मोजायच्या. चाक बसवा, बोल्ट हाताने लावा, आणि पहिल्यांदा धरल्यापासून सीटला टेकेपर्यंत किती पूर्ण फेरे बसतात ते मोजा. एम १२×१.५ ला किमान साडेसहा, एम १४×१.५ ला किमान साडेसात. कमी भरले तर बोल्ट आखूड. हब पोलादी असलं तरी चार आट्यांवर चाक सोपवू नये.

जास्त लांबीने नुकसान वेगळं होतं. हबच्या मागे बोल्टचं टोक बाहेर येतं. मागच्या चाकांना ड्रम असेल तर आत ब्रेक शू आणि स्प्रिंग असतात, आणि काही गाड्यांत एबीएसचा (ब्रेक लागताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर आणि रिंग अगदी जवळ असते. टोक तिथे घासलं की आधी आवाज, मग एबीएसचा दिवा, मग ब्रेक. दुसरी शक्यता आणखी फसवी: बोल्ट मागे कशाला तरी टेकून थांबतो, पाना क्लिक होतो, आणि चाक मात्र दाबलेलंच नसतं. म्हणून लांब बोल्ट टाकल्यावर जॅकवरच चाक हाताने पूर्ण फिरवायचं, हँडब्रेक ओढून-सोडूनही.

स्टेपनीचं इथेच सांगून टाकतो. डिकीत स्टीलची स्टेपनी असते आणि तिच्या सीटखालची जाडी अलॉयपेक्षा कमी. काटोल रोडवर पंक्चर झालं, स्पेसर काढला, स्टेपनी लावली आणि तेच लांब बोल्ट आवळले की ते आत जाऊन ड्रमला भिडणार. मूळ आखूड बोल्टांचा एक पूर्ण संच आणि लॉक बोल्टची चावी डिकीत, स्टेपनीच्या खाली ठेवा.

स्पेसर खरंच टेकतो का

आता चाक आणि स्पेसर दोन्ही काढायचे. हबचा चेहरा वायर ब्रशने घासून स्वच्छ करा, विशेषतः मधल्या कडेच्या (हबच्या मधोमध पुढे आलेल्या गोल भागाच्या) मुळाशी, जिथे ती चेहऱ्याला मिळते. गंज तिथेच साचतो. पावसाळ्यानंतर तर साचतोच. डिस्कला धरून ठेवणारा छोटा स्क्रू असतो; तो चेहऱ्याच्या वर आलेला असेल तर स्पेसर त्याच्यावर बसतो. स्पेसर नुसता हाताने बसवा आणि समोरासमोरच्या दोन कडा आळीपाळीने दाबा. जरा जरी खेळला, तरी बसलेला नाही.

बऱ्याचदा अडतो तो त्या मुळाशी असलेल्या गोलाईवर. चांगल्या स्पेसरच्या आतल्या कडेला तिरकी कापणी असते, ती गोलाईला जागा देते. स्वस्त मालात कड सरळच सोडलेली असते. स्पेसर चांगला जाड असेल तर हिंगणा एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडून ती कड मारून घेता येते. चेहऱ्याला मात्र हात लावू द्यायचा नाही.

व्हर्निअर असेल तर स्पेसरची जाडी चार ठिकाणी मोजा. दशांश मिलिमीटरचा फरक लोकांना क्षुल्लक वाटतो. हबचा चेहरा साधारण १४० मिमी रुंद आणि १५ इंची रिम ३८१. म्हणजे हबवरचा दशांश रिमच्या कडेला पाव मिलिमीटरच्या वर होतो. वर टायर वेगळा. ही थरथर बॅलन्सिंगचं शिसं लावून जात नाही, कारण चाकाचं वजन बरोबर आहे, चाक तिरकं आहे.

मधलं भोक

चाकाला केंद्रात आणतं ते हबची मधली कड, बोल्ट नव्हे. पोलोच्या हबची कड ५७.१ मिमी. ४×१०० पीसीडीच्या (१०० मिमीच्या वर्तुळावर चार भोकं असलेल्या) गाड्यांत गोंधळ जास्त होतो: होंडा सिटीची ५६.१, जुन्या आय ट्वेंटीची ५४.१. सिटीचा स्पेसर आय ट्वेंटीला बिनबोभाट बसतो, बोल्टची भोकं जुळतात, आणि चाक एक मिलिमीटर बाजूला बसतं. शंभरच्या वेगात तेवढं पुरतं.

तीन आणि पाच मिमीच्या पातळ चकत्यांना स्वतःची कड नसते. त्या हबच्या कडेवरच चढतात आणि अलॉयला टेकायला उरलेली कड कमी करतात. बोल्टसाठी लांबट खाचा असलेल्या, "सगळ्या गाड्यांना चालतात" म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या चकत्या तर मी बसवूनच देत नाही. गिऱ्हाईक रागावते, रागावू दे.

नटवाल्या गाड्या

मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा ह्यांना बोल्ट नाहीत. हबवर स्टड आणि वरून नट. इथे स्पेसरने स्टडची उरलेली लांबीच कमी होते. पाच मिमीची चकतीसुद्धा नटाचे तीन-चार आटे खाते. लांब स्टड प्रेसवर बसवून घ्यावे लागतात. हातोड्याने ठोकून बसवणारे आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

मारुतीचे आटे १२×१.२५ आणि ह्युंदाई, होंडा, टोयोटाचे १२×१.५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे गन मारली की स्टडचे आटे गेले. नट हाताने शेवटपर्यंत फिरत नसेल तर तो नट त्या गाडीचा नाही.

टोपीवाले नट लांब स्टडवर लावले तर स्टडचं टोक टोपीत आतून टेकतं आणि नट चाकाला न दाबता घट्ट होतो. टोपीत थोडं मळलेलं पीठ किंवा मेण घालून आवळून बघा. चेपलं असेल तर टोक टेकतंय. जाड, स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरमध्ये उलटा त्रास: गाडीचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावतात आणि अलॉयच्या मागे त्यांना सामावणारे खळगे नसतील तर चाक त्यांच्यावरच बसतं.

इथे थांबा

वरचं सगळं बरोबर निघालं आणि तरी थरथर किंवा आवाज आहे, तर आता घरच्या अवजारांचं काम संपलं. डायल गेज (बारीक डगमग मोजणारं माप) लावून हबचा चेहरा, डिस्क आणि रिम वेगवेगळे तपासायला हवेत, तेही त्याच क्रमाने. चाक वर उचलून वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला, किंवा "हूं" आवाज डाव्या वळणावर वाढून उजव्यावर कमी झाला, तर बेअरिंग. स्पेसरने चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरची तरफ वाढते. खड्ड्यांत आणि सिमेंट रोडच्या उंच कडांवर ती आणखी जाणवते. बेअरिंग प्रेसवर बसतं. ते अंगणात बदलायचं काम नाही.

हबच्या आतले आटे गेले, बोल्ट आत तुटून राहिला, स्पेसरला केसासारखी भेग दिसली, एबीएसचा दिवा लागला: ह्यातलं काहीही झालं तरी मेकॅनिक. हबच्या आट्यांवर टॅप मारून "साफ" करून देतो म्हणणारा भेटला तर नको म्हणा आणि हब बदलायचं विचारा.

एक कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याच्या विरोधात आहेत. आणि अपघातानंतर विम्याचा माणूस चाकांकडे बघतोच. मला विचाराल तर योग्य ऑफसेटचा (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते माप) अलॉय घेणं स्पेसरपेक्षा सरळ. तिसरा सांधाच नको. पण तोही मूळ मापाच्या जवळचा असू द्या.

मेकॅनिककडे जाताना मूळ बोल्ट, लांब बोल्ट, लॉकची चावी आणि स्पेसरचं पाकीट सोबत न्या, आणि कुठल्या वेगात, कुठल्या चाकाकडून, ब्रेकवर की वळणावर, एवढं लिहून न्या. "बॅलन्सिंग करून द्या" म्हणालात तर तो बॅलन्सिंगच करून देईल. आणि एखादा बोल्ट तुटलेला असेल तर त्या एका बोल्टवर थांबू नका. त्या चाकाचे सगळे बोल्ट नवीन घ्या. तुटण्याआधीचा भार शेजारच्यांनी ओढलेला असतो, आणि ते किती ताणले गेलेत हे बाहेरून दिसत नाही.